हुकूम राजाचा, पैसा बाजाराचा: आयर्लंडच्या शहरांचे तट कोणी बांधले?

प्रश्न असा आहे: आयर्लंडच्या टिपररी परगण्यातल्या फेथर्ड या छोट्या गावाबद्दल वाचलं, की १२९२ मध्ये इंग्लंडच्या राजाने त्याच्या तटबंदीसाठी अनुदान दिलं. एवढ्याशा बाजारगावासाठी राजाने तिजोरी का उघडली? आणि आज तिथे उभा असलेला तट १२९२ चा समजायचा का?

थोडक्यात सांगायचं तर राजाने तिजोरी उघडलीच नाही. आणि १२९२ हे तटाचं वर्ष नाही, कागदाचं वर्ष आहे. माझं काम जुन्या दगडी भिंतींच्या जतनाचं आहे आणि हे दोन गैरसमज मला सतत भेटतात. पर्यटकांच्या फलकावर, स्थानिक पुस्तिकांत, कधी कधी चांगल्या सर्वेक्षणांच्या अहवालांतही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

राजाने दिला होता तो वसुलीचा हक्क. त्याला म्युरेज म्हणत. विक्रीसाठी शहरात येणाऱ्या मालावर ठरावीक दराने कर घ्यायचा, ठरावीक वर्षंच घ्यायचा आणि जमलेला पैसा फक्त तटासाठी खर्च करायचा. आपल्याकडे महापालिकेच्या हद्दीवर जकात नाके होते, ज्यातले मुंबईचे नाके १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर बंद झाले, तसंच हे प्रकरण होतं. फरक इतकाच, की ही जकात एकाच कामासाठी बांधलेली होती आणि तिच्यावर मुदतीची तारीख होती.

आयर्लंडमधलं सुरुवातीचं ठळक उदाहरण डब्लिनचं. १२२१ मध्ये तिसऱ्या हेन्रीने डब्लिनच्या नागरिकांना शहर तटाने वेढण्यासाठी असा हक्क दिला. दर होते लोकरीच्या एका पोत्यावर ३ पेन्स, कातड्यांच्या एका ‘लास्ट’वर ६ पेन्स आणि दारूच्या एका मोठ्या पिंपावर २ पेन्स. लास्ट म्हणजे २०० कातडी. त्यानंतर वॉटरफर्ड, ड्रॉहेडा, लिमरिक अशी मोठी बंदरं एकामागून एक रांगेत आली. ड्रॉहेडाचा हक्क १२३४ चा, लिमरिकचा १२३७ चा. शतकाच्या शेवटी पाळी आली आतल्या भागातल्या छोट्या गावांची: १२९० मध्ये ट्रिम, १२९२ मध्ये फेथर्ड, १२९५ मध्ये कासलडर्मट, १२९८ मध्ये क्लॉनमेल.

आता या दरांकडे जरा हिशेबाच्या नजरेने बघू. तेराव्या शतकात कुशल गवंड्याला दिवसाला साधारण ३ ते ४ पेन्स मिळत. पाच गवंडी, आठवड्याचे सहा दिवस, रोज ४ पेन्स धरले तर एका आठवड्याची मजुरी १२० पेन्स. म्हणजे डब्लिनच्या दराने लोकरीची ४० पोती. यात बिगारी नाहीत, चुनाभट्टीचं सरपण नाही, दगडाची वाहतूक नाही, परांचीचं लाकूड नाही. डब्लिनसारख्या बंदरात दारू, लोकर आणि कातडी यांची उलाढाल मोठी, तिथे हे गणित जमायचं. फेथर्डसारख्या गावाकडे परदेशी जहाजं येत नव्हती. तिथे मुख्य भिस्त आठवडी बाजारावर: गुरं, मेंढ्या, डुकरं, धान्य, मीठ, लोखंड. म्हणूनच छोट्या गावांच्या हुकुमांत दरांची यादी लांबलचक असे. घोडा, बैल, गाय यांवर अर्धा-एक पेनी, घोड्यावर लादलेल्या धान्याच्या ओझ्यावर पाव पेनी, मग मेंढ्या, खारवलेलं मांस, मासे, कापड, जात्याचे दगड. थेंबाथेंबाने तळं भरायचं, तेही मुदतीच्या आत.

तुलनेसाठी एक आकडा. १२७५ मध्ये राजाने लोकरीच्या निर्यातीवर स्वतःसाठी कायमचा कर बसवला, आयर्लंडमध्येही. त्याचा दर पोत्यामागे अर्धा मार्क, म्हणजे ८० पेन्स. राजाच्या तिजोरीसाठी ८० आणि डब्लिनच्या तटासाठी ३. या दोन आकड्यांतून राजाचा कल कुठे होता ते दिसतं.

हा कल समजून घेतला की पहिल्या प्रश्नाचं उत्तर आपोआप मिळतं. १२९२ चा राजा म्हणजे पहिला एडवर्ड, आणि त्याचा पैसा वेल्स, स्कॉटलंड आणि फ्रान्समधल्या गॅस्कनीतल्या लढायांत वाहून जात होता. डब्लिनच्या खजिन्यातून रक्कम बाहेर जायची ती या मोहिमांसाठी. आयर्लंडमधल्या वसाहतीचं रक्षण तर झालं पाहिजे, कारण तिथून सारा येतो, पण त्यासाठी हातचं काही जाता कामा नये. म्युरेजमध्ये राजाला एक पेनीही लागत नव्हती. चर्मपत्राचा कागद, त्यावर मोहोर, आणि तो कागद काढण्यासाठी अर्जदाराने भरायचं शुल्क. उलट शहर सुरक्षित राहिलं तर त्याचा ठरलेला वार्षिक भरणा सुरळीत येत राही. डब्लिन शहर १२१५ पासून राजाला वर्षाला २०० मार्क भरत होतं. ही कोंबडी कोल्ह्याच्या तोंडी जाऊ नये एवढीच राजाची चिंता.

मग पैसा खरोखर कोणाच्या खिशातून जात होता? कागदावर, माल विकायला आणणाऱ्याच्या. प्रत्यक्षात बराचसा भार पडायचा तटाबाहेरच्या माणसावर. मोठ्या शहरांच्या नागरिकांकडे अशा करांतून सूट देणाऱ्या सनदा असत. डब्लिनच्या नागरिकांना तर राजपुत्र जॉनच्या ११९२ च्या सनदेपासूनच त्याच्या मुलखात जकातमाफी होती. एका शहराचा व्यापारी दुसऱ्या शहराच्या वेशीवर सनद दाखवायचा आणि वाद सुरू व्हायचा, हा कर त्यात येतो की नाही. ज्याच्याकडे कसलीच सनद नाही असा आसपासच्या खेड्यातला शेतकरी, त्यात आयरिश शेतकरीही आले, आपली गाय घेऊन बाजारात आला की पेनी मोजायचा. त्या पैशातून उभा राहणारा तट कोणापासून रक्षण करण्यासाठी होता? अर्जांमधली ठरलेली शब्दरचना असे ‘आयरिश शत्रू आणि इंग्रज बंडखोर’ यांच्यापासून. बाजारात ज्याच्याकडून कर घ्यायचा आणि तटाबाहेर ज्याला ठेवायचं, ते बऱ्याचदा एकाच समाजातले लोक होते. तट हा युद्धाइतकाच वसुलीच्या सोयीचा होता, हे माझं मत यावरूनच झालं आहे. वेशी चारच असल्या की माल चोरवाटेने आत येत नाही. पुष्कळ आयरिश गावांचे तट गंभीर वेढा सोसण्याच्या जाडीचे नाहीतच, पण गुरांच्या कळपाला आणि गाडीला अडवायला ते पुरेसे आहेत.

अर्ज कोण करायचं, हेही गावागावाप्रमाणे बदलत असे. डब्लिन, वॉटरफर्ड ही थेट राजाची शहरं, तिथले नागरिक स्वतः मागत. पण बहुतेक छोटी गावं कोणा ना कोणा सरदाराची किंवा धर्मपीठाची होती. ट्रिमसाठी १२९० मध्ये हक्क मिळवला जेफ्री द जेनेव्हिलने, तो तिथला धनी. फेथर्ड कॅशेलच्या आर्चबिशपचं. क्लॉनमेलच्या मागे ऑटो द ग्रँडिसन होता, एडवर्डचा जुना विश्वासू. धनी दरबारात असला की कागद लवकर निघायचा. हे काही फक्त तेराव्या शतकाचं वैशिष्ट्य नव्हे.

राजाने सक्तीची एक तरतूद मात्र केली होती. १२७५ च्या वेस्टमिन्स्टरच्या कायद्यात कलम ३१ आहे: तट बांधण्यासाठी कराचा हक्क मिळालेल्या शहराने ठरलेल्यापेक्षा जास्त वसूल केलं तर हक्क जाईल आणि वर जबर दंड होईल. हा कायदा १२८५ मध्ये आयर्लंडला पाठवला गेला. असं कलम मुद्दाम घालावं लागलं यातच सगळं आलं.

डब्लिनमधलं जेफ्री द मॉर्टनचं प्रकरण या बाबतीत बोलकं आहे. हा शहराचा माजी मेयर. १३०८ मध्ये त्याने लिफी नदीवरच्या पुलाच्या शहराकडच्या टोकाला बुरूज बांधण्यासाठी म्युरेज स्वतःच्या नावावर मिळवलं. म्हणजे शहराची जकात एका व्यक्तीच्या हाती. पुढे नागरिकांनी तक्रार केली की वसुली भरपूर झाली, तिच्या मानाने तटावर काम झालं नाही, आणि फायदा याच्या घरात गेला. चौकशी बसली. असल्या तक्रारी वाचताना एक लक्षात ठेवावं: तक्रार करणारेही व्यापारीच होते आणि त्यांचाही हात त्या पैशापासून लांब नव्हता. पण मुद्दा राहतोच. हुकूम मिळाला, कर गोळा झाला, आणि तरीही भिंत किती उठली हे वेगळं शोधावं लागतं.

डब्लिनच्या तटाला १३१७ मध्ये कसोटी लागली. स्कॉटलंडच्या रॉबर्ट ब्रूसचा भाऊ एडवर्ड आयर्लंडमध्ये उतरला होता, आणि त्या फेब्रुवारीत दोघे भाऊ फौज घेऊन शहरापासून काही मैलांवरच्या कासलनॉकपर्यंत आले. मेयर रॉबर्ट द नॉटिंगहॅमच्या नेतृत्वाखाली नागरिकांनी तटाबाहेरची उपनगरं स्वतःच पेटवली आणि नदीपलीकडचा डॉमिनिकन मठ पाडून त्याचे दगड नदीकाठच्या नव्या भिंतीला वापरले. शंभर वर्षं म्युरेजचा पैसा गोळा करणाऱ्या शहरावर ऐन वेळी मठ पाडून भिंत घालायची वेळ आली, यावरून नदीच्या बाजूची अवस्था काय असेल ते समजतं. ब्रूसने वेढा न घालताच तळ हलवला.

आता दुसरा प्रश्न, तटाचं वय.

गॉलवे परगण्यातलं अथेनराय घ्या. तट सुमारे २८ हेक्टर जागा वेढतो, त्याचा मोठा भाग आजही उभा आहे, उत्तरेची वेस शाबूत आहे. गावाला म्युरेजचा हक्क मिळाला १३१० मध्ये. गावाच्या वेशीबाहेर १० ऑगस्ट १३१६ ला मोठी लढाई झाली, त्यात कॉनॉटचा राजा फेलिम ओकॉनर मारला गेला. आणि जुन्या बखरींत अशी नोंद आहे की त्या लढाईत मेलेल्यांची शस्त्रं आणि चिलखतं विकून आलेल्या पैशातून तट बांधला. आता यातलं काय धरायचं? १३१० चा कागद की १३१६ ची लूट? मला दोन्ही एकत्र जमतात. हक्क मिळाला, काम सुरू झालं असेल, पैसा रेंगाळला असेल, आणि लढाईनंतर एकरकमी रोख हाती आल्यावर मोठा टप्पा उरकला गेला असेल. पण ‘असेल’ हा शब्द सोडू नये. शिवाय अथेनरायच्या तटाच्या आतली दक्षिणेकडची जागा कधी पुरती वसलीच नाही, पुढे सोळाव्या शतकात आतूनच आडवी भिंत घालून गाव लहान करावं लागलं. एवढा मोठा घेर आखणाऱ्याच्या डोक्यात बाजार वाढण्याचा फार मोठा अंदाज होता. करातून हा घेर वेळेत पुरा होईल असं त्याला वाटलं असेल, तर तो अंदाजही त्याच जातीचा.

कागद आणि भिंत यांची सांगड घालताना आम्ही काय बघतो ते सांगतो. चुन्यातलं काम थंडीत थांबतं, कारण ओला चुना गोठला की त्याची ताकद जाते. हिवाळ्यात अर्ध्या भिंतीच्या माथ्यावर पेंढा आणि शेण टाकून झाकून ठेवत. म्हणजे पाच वर्षांचा हक्क म्हणजे बांधकामाचे पाचच हंगाम, त्यातही पहिल्या हंगामात हातात पैसा नसतो. त्यामुळे तट तुकड्यातुकड्याने उठतो आणि तुकडे जिथे भेटतात तिथे खुणा राहतात. अनगड दगडांच्या भिंतीत वरपासून खालपर्यंत जाणारी सरळ उभी चीर दिसली, दोन्ही बाजूंचे थर एकमेकांत गुंतलेले नसले, की तिथे काम थांबलं होतं आणि नंतर पुन्हा सुरू झालं असं समजावं. परांचीची लाकडं खोवण्यासाठी ठेवलेल्या चौकोनी खाचा एका बाजूला एका उंचीवर आणि दुसऱ्या बाजूला वेगळ्या उंचीवर असल्या तर टोळी बदलली. सांध्यांतला चुना चिमटीत धरून भुगा केला की त्यातली वाळू, शंखांचे कण, भट्टीतल्या कोळशाचे काळे ठिपके वेगळे दिसतात, आणि दोन हंगामांचा चुना सहसा एकसारखा नसतो. कोळशाच्या कणांवर कार्बन-तारखेची चाचणी करता येते, पण तिचं उत्तर काही दशकांच्या पट्ट्यात येतं आणि भट्टीत जुनं लाकूड जाळलं असेल तर तट खऱ्यापेक्षा म्हातारा दिसतो. चऱ्या आणि जंग्या यांच्यावरून वय सांगायचा मोह टाळावा. भिंतीचा माथा सगळ्यात आधी ढासळतो, त्यामुळे आज दिसणाऱ्या चऱ्या बहुतेक वेळा डागडुजीच्या असतात, कधी कधी विसाव्या शतकातल्या.

फेथर्डचा तट या दृष्टीने मेजवानी आहे. सुमारे १,१०० मीटर लांबीच्या घेरापैकी नव्वद टक्क्यांहून जास्त टिकून आहे, आयर्लंडमध्ये इतका पूर्ण घेर क्वचित मिळतो. क्लॅशॉली नदीच्या काठाने चालत गेलं की चुनखडीच्या दगडांचे थर जवळून वाचता येतात, आणि एका ठिकाणी भिंतीत शीला-ना-गिगची कोरीव मूर्ती बसवलेली आहे, आपल्याकडच्या लज्जागौरीची आठवण व्हावी अशी. गावाला १२९२ नंतर १३७६ मध्ये तिसऱ्या एडवर्डकडून पुन्हा हक्क मिळाला. चौऱ्याऐंशी वर्षांचं अंतर, मध्ये ब्रूसची स्वारी, मध्ये १३४८ पासूनची प्लेगची लाट. दुसऱ्या कागदाचा अर्थ पहिला तट मोडकळीला आला होता असा घ्यायचा, की पहिला कधी पुरा झालाच नव्हता? भिंतीतले टप्पे बघून मी दुसरीकडे झुकतो, निदान काही भागांबाबत.

उलट उदाहरणही आहे, कागदाविना तट. वेक्सफर्ड परगण्यातलं न्यू रॉस. १२६५ मध्ये मॉरिस फिट्झजेराल्ड आणि वॉल्टर द बर्ग या दोन बड्या सरदारांत युद्ध पेटलं आणि मध्ये सापडलेल्या या श्रीमंत पण उघड्या गावाने स्वतःच तट घालायचं ठरवलं. त्या कामावर नॉर्मन फ्रेंचमध्ये लिहिलेली एक कविता शिल्लक आहे. आधी मजूर लावले, पण काम सरकेना. मग पंचांनी ठरवलं की प्रत्येक धंद्याने आठवड्यातला एक दिवस खंदक खणायचा. सोमवारी दारूविके आणि कापडवाले, मंगळवारी शिंपी आणि रंगारी, असं करत बाकीचे धंदे, निशाणं लावून, गाणी म्हणत. रविवारी बायका दगड वाहायला. कवीने रंग भरला असणार हे गृहीत धरूनही, श्रमदानाने खंदक आणि तट उभा राहू शकतो एवढं त्यातून पक्कं कळतं. न्यू रॉसचा म्युरेजचा कागद आहे १३७४ चा. फक्त कागदावर भरवसा ठेवला असता तर तटाचं वय शंभर वर्षांनी चुकलं असतं.

कागदांबाबत आणखी एक गोष्ट. म्युरेजचे हुकूम आपल्याला बऱ्यापैकी माहीत आहेत, पण वसुली किती झाली आणि खर्च कशावर झाला याचे हिशेब फार थोडे. याचं एक मोठं कारण १९२२ च्या जून महिन्याच्या ३० तारखेला घडलं. यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीतलं सार्वजनिक अभिलेखागार स्फोटात आणि आगीत गेलं, आणि मध्ययुगातल्या आयरिश खजिन्याची दफ्तरं त्यात जळाली. राजाने दिलेल्या हक्कांच्या नकला मात्र लंडनमधल्या दफ्तरांत होत्या, त्या वाचल्या. म्हणून आपला पुरावा एका बाजूला कलंडलेला आहे: दिलेलं दिसतं, केलेलं दिसत नाही. २०२२ पासून जळालेल्या संग्रहाची डिजिटल पुनर्रचना सगळ्यांसाठी खुली आहे. जुन्या उताऱ्यांवरून आणि दुसरीकडच्या प्रतींवरून काही हिशेब तिथे पुन्हा जोडले जात आहेत. या विषयात ज्याला पुढे जायचं आहे त्याने सुरुवात तिथूनच करावी.

आणि राजाच्या बाजूने खरा रोख पैसा कधी आलाच नाही का? आला, पण दुसऱ्या वाटांनी. शहराचा वार्षिक भरणा काही वर्षं माफ करायचा आणि ती रक्कम तटावर खर्चायला सांगायची, ही एक वाट. उपनगरं जाळून घेतल्यावर डब्लिनने अशी सूट मिळवली होती. दुसरी वाट पंधराव्या शतकातली, जेव्हा राजाचा अंमल पूर्वेच्या पट्ट्यापुरता आकसला होता. १४२९ मध्ये लाउथ, मीथ, डब्लिन आणि किल्डेर या परगण्यांत जो कोणी दहा वर्षांत २० फूट लांब, १६ फूट रुंद आणि ४० फूट उंच गढी बांधेल त्याला १० पौंड द्यायचं ठरलं. तिथे मात्र हातात रक्कम, आणि मापंही लिहून दिलेली. म्युरेजच्या एकाही हुकुमात भिंत किती जाड, किती उंच हवी याचा उल्लेख माझ्या पाहण्यात नाही.

फलक लिहायची वेळ आली तर फेथर्डसाठी मी असं लिहीन: ‘१२९२ मध्ये गावाला तटासाठी बाजारकर घेण्याचा हक्क मिळाला, १३७६ मध्ये पुन्हा मिळाला. तटाचे वेगवेगळे भाग तेराव्या शतकाच्या शेवटापासून पुढे बांधले आणि दुरुस्त केले गेले.’ वाक्य लांबतं, आणि फलक करून घेणाऱ्यांना ते आवडत नाही. त्यांना एकच वर्ष हवं असतं. तर द्यावं १२९२, पण त्याच्यापुढे ‘बांधला’ हे क्रियापद घालू नये.